लंडन–मुंबई–नागपूर: ७२ तास कुठून मोजायचे आणि आठव्या दिवसाचं काय?

टेम्सकाठचा_वऱ्हाडी (१२ जानेवारी २०२२)

नमस्कार मंडळी. भारतात उतरणाऱ्यांसाठीचे कोविडचे नवे नियम कालपासून लागू झालेत, आणि वाचून डोकं गरगरतंय.

आम्ही चौघं. दोघं मोठी (दोन डोस अधिक बूस्टर), मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. रविवारी २३ तारखेला रात्री साडेनऊचं हीथ्रो–मुंबई थेट विमान, सोमवारी दुपारी बाराला मुंबई. तिथून अडीच तासांनी नागपूरचं विमान, ते वेगळ्या तिकिटावर. ३० तारखेला नागपुरात घरचं लग्न आहे. तारीख बदलता येते.

बूस्टरमुळे काही सूट मिळते का? निघण्याआधीच्या निगेटिव्ह आरटीपीसीआरचे ७२ तास कुठून मोजायचे? धाकट्याची चाचणी लागते का? अडीच तास पुरतील ना?

पंचांगवाले

बाकीचे प्रश्न नंतर, आधी तारीख बदला. या तारखांना लग्न हुकतंय.

केंद्राच्या ७ जानेवारीच्या आदेशाप्रमाणे कुठल्याही देशातून आलात आणि चाचणी निगेटिव्ह निघाली तरी सात दिवस घरात, आणि आठव्या दिवशी पुन्हा आरटीपीसीआर. लस झालेल्यांनाही यातून सूट नाही. २४ला उतरलात तर तो पहिला दिवस, ३०ला सातवा. म्हणजे मंगलाष्टकं सुरू असताना तुम्ही क्वारंटाइनमध्ये, आणि चाचणी ३१ला.

उलट मोजून बघा. २२ला उतरलात तर आठवा दिवस २९. सकाळी नमुना दिला तर रिपोर्ट संध्याकाळी किंवा ३०च्या सकाळी. नवरदेव घोड्यावर बसला तरी तुम्ही मोबाइलकडे बघत बसणार. त्यापेक्षा बुधवारी १९ला रात्री निघा, २०ला उतरा. २७ला चाचणी होते आणि पुढे दोन दिवस हातात राहतात.

ती चाचणी घरीच करून घ्या. राज्याने ठरवलेला दर घरी येऊन नमुना नेला तर ७०० रुपये, लॅबमध्ये जाऊन दिला तर ३५०. चाचणीसाठी क्वारंटाइनमधून गर्दीत जायचं काही कारण नाही. रिपोर्ट एअर सुविधावर (प्रवाशांचा फॉर्म भरायचं सरकारी पोर्टल) अपलोड करायचा, हे बरेचजण विसरतात. त्यापुढचे सात दिवस फक्त स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. बाहेर पडायला हरकत नाही. ताप-खोकला आला तर १०७५ला फोन.

आणि हो, लग्नाला सध्या ५० माणसांची मर्यादा आहे. त्या पन्नासात तुमची चार डोकी धरली आहेत का, तेही विचारून ठेवा.

स्वॅबशास्त्री

चाचणी आणि फॉर्मबद्दल.

७२ तास मोजायचे ते नमुना दिल्याच्या वेळेपासून विमान सुटेपर्यंत. रिपोर्ट कधी आला याला अर्थ नाही. १९ला रात्री साडेनऊला निघणार असाल तर १६च्या रात्री साडेनऊनंतरचा कुठलाही नमुना चालेल. सोमवारी १७ला सकाळी द्या. मंगळवारपर्यंत रिपोर्ट येतो, आणि नमुना अनिर्णित ठरला किंवा लॅबने घोळ घातला तर दुसरा द्यायला वेळ उरतो. शेवटच्या दिवसावर ठेवणारेच काउंटरवर रडकुंडीला येतात.

एनएचएसची (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) फुकट चाचणी प्रवासासाठी वापरता येत नाही, खासगी ‘फिट टू फ्लाय’ घ्यावी लागते. त्यातही स्वस्तात मिळणारी लॅम्प किंवा अँटिजेन प्रकारची चाचणी नको, भारताला आरटीपीसीआरच हवी. सर्टिफिकेट हातात येताच बघा: पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, पासपोर्ट नंबर, आरटीपीसीआर हा शब्द, आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ. काही लॅब फक्त रिपोर्टची वेळ छापतात. मग ७२ तास सिद्ध कशाने करणार? लगेच सांगून दुरुस्त करून घ्या.

पाच वर्षांखालच्या मुलांना निघतानाची आणि उतरल्यावरची, दोन्ही चाचण्या माफ. धाकट्याला लक्षणं दिसली तर मात्र ही माफी संपते. मुलीला सगळं मोठ्यांसारखंच.

एअर सुविधाचा फॉर्म धाकट्याचाही भरायचा. फाइल पीडीएफच लागते आणि १ एमबीच्या आत. मोबाइलवर काढलेला स्कॅन सहज तीन-चार एमबीचा होतो, मग पान नुसतं फिरत राहतं. रंग काढून काळा-पांढरा करा, बसतो. वेब चेक-इन आधी उरका, कारण फॉर्मात सीट नंबर लागतो. मागच्या १४ दिवसांत कुठे कुठे गेलात तेही लिहायचं. मधे पॅरिसला दोन दिवस जाऊन आलेले असाल तर तेसुद्धा.

टर्मिनल_दोन

अडीच तास विसरा.

युरोप, ब्रिटनसह, केंद्राच्या ‘अॅट रिस्क’ यादीत आहे. त्यामुळे मुंबईत उतरल्यावर स्वखर्चाने चाचणी, आणि निकाल येईपर्यंत ना बाहेर पडता येतं, ना पुढचं विमान पकडता येतं. या यादीतल्या देशांतून येणाऱ्यांना मुंबईसह सहा मोठ्या विमानतळांवर २० डिसेंबरपासून ही चाचणी आधीच बुक करावी लागते. फॉर्म भरतानाच करून टाका.

साधी आरटीपीसीआर घेतली तर सहा ते आठ तास धरा. रॅपिड पीसीआर महाग पडते. यंत्राचं काम तास-दीड तासाचं, पण एकाच वेळी तीन विमानं उतरली की नोंदणीची रांगच तेवढी होते. त्यात इमिग्रेशन आहे, आणि कस्टम मुंबईतच असल्याने बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायच्या. नागपूरचं विमान टर्मिनल एकवरून असेल तर रस्त्याने जावं लागतं. रॅपिड घेऊनही सहा तासांच्या आतलं विमान धरू नका, रात्रीचं घ्या. तिकीट वेगळं असल्याने चुकलं तर विमान कंपनी जबाबदार नाही. पोरांसाठी खाऊ, पाणी आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा.

कोणी पॉझिटिव्ह निघालं तर त्या व्यक्तीला विलगीकरण केंद्रात नेतात आणि नमुना जनुकीय तपासणीला जातो. तीच रांग, पुढच्या तीन आणि मागच्या तीन रांगा संपर्कातल्या धरतात. सीट नंबर त्यासाठीच. म्हणून औषधं, चार्जर आणि कागद प्रत्येकाचे वेगळे बांधा, सगळं एका बॅगेत नको.

राज्याची ‘हाय रिस्क’ यादी वेगळी आहे: दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, झिम्बाब्वे. संस्थात्मक क्वारंटाइन त्या लोकांना. बातम्यांत दोन्ही शब्दांची खिचडी झालीय, घाबरू नका.

टेम्सकाठचा_वऱ्हाडी

आभार! १९ची तिकिटं बघतो. एक राहिलं: बायकोला नाताळात कोविड झाला होता, आता ठणठणीत आहे. एनएचएसचं बरं झाल्याचं पत्र चालेल का? आणि परतताना काय?

स्वॅबशास्त्री

पत्र चालणार नाही, भारताच्या नियमात तशी सवलतच नाही. आणि धोका खरा आहे: बरं झाल्यावरही विषाणूचे निर्जीव तुकडे नाकात राहतात आणि आरटीपीसीआर ते पकडते, कधी कधी कित्येक आठवडे. अँटिजेन निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका. शनिवारी १५ला त्यांची एक पीसीआर नुसती अंदाजासाठी करा. ती प्रवासात वापरता येणार नाही, पण पॉझिटिव्ह आली तर काय ते चार दिवस आधी कळेल. आणि हा अंदाज कळेपर्यंत नागपूरचं विनापरतावा तिकीट काढू नका.

परतीचं सोपं आहे. ब्रिटनने लस घेतलेल्यांसाठी निघण्याआधीची चाचणी ७ जानेवारीपासून काढली. पोचण्याआधीच्या ४८ तासांत ब्रिटनचा पॅसेंजर लोकेटर फॉर्म भरायचा आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत लॅटरल फ्लो (झटपट अँटिजेन चाचणी) करायची. तीसुद्धा खासगी, विकत घेतलेली; घरातला एनएचएसचा डबा चालत नाही. धाकट्याला ती लागत नाही. बाकी तिघांसाठी भारतातून निघण्यापूर्वीच मागवा, कारण तिचा बुकिंग क्रमांक टाकल्याशिवाय लोकेटर फॉर्म पुढे सरकत नाही.