मदत हवी आहे : तापवूनही मीठ जास्त का विरघळत नाही?

नमस्कार. दादरला घरी नववीतल्या भाचीला संपृक्त द्रावण (ज्यात आणखी पदार्थ विरघळत नाही असे) दाखवताना मी अडलो आहे. साध्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळले आणि उरलेले पातेल्याच्या तळाशी पांढऱ्या थरासारखे बसून राहिले; पाणी उकळीपर्यंत तापवूनही (झाकण ठेवून, नाहीतर वाफेने हिशेबच बिघडतो) जेमतेम तीनेक ग्रॅमच अधिक मावले. साखर मात्र तेवढ्याच पाण्यात आधीच दोनशे ग्रॅमहून अधिक विरघळते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. पाण्याचे ध्रुवीय रेणू (एका बाजूला किंचित धन, दुसरीकडे किंचित ऋण प्रभार असलेले) मिठातल्या सोडियम व क्लोराइड आयनांना, म्हणजे प्रभारित कणांना, वेढून स्फटिकातून सोडवतात, एवढे तिला पटले आहे. तापमानाचा हा फरक तिला जड परिभाषेविना कसा समजवावा, हे कृपया कुणी सांगाल का?