कुत्रीसाठी अदृश्य विजेचे कुंपण घालावे का?

कोलंबसकर
नमस्कार. आम्ही ओहायोमध्ये कोलंबसजवळच्या एका उपनगरात राहतो. घरामागे साधारण पाव एकराचे मोकळे अंगण आहे. मात्र आमच्या एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, नियमांप्रमाणे उंच लाकडी कुंपण घालता येत नाही. तीन महिन्यांपूर्वी आम्ही शेल्टरमधून दोन वर्षांची लॅब्राडोर-मिश्र कुत्री आणली. तिचे नाव चिंगी. ती माणसांत रमते, पण खार दिसली की तिला हाका ऐकू येत नाहीत आणि अंगणापलीकडे लगेचच रहदारीचा रस्ता आहे. शेजाऱ्यांनी जमिनीत पुरलेल्या तारेचे अदृश्य कुंपण सुचवले आहे. सध्या आई सांगलीहून आली आहे. मुक्या जनावराला आपण होऊन विजेचा झटका द्यायचा, हे तिच्या मनाला अजिबात पटत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही धाकधूक वाटते. ज्यांनी हे कुंपण प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया बरे-वाईट दोन्ही अनुभव सांगावेत.

बंड्याचे बाबा
आमच्या बीगलसाठी, म्हणजे बंड्यासाठी, आम्ही हे कुंपण पाच वर्षे वापरले, त्यामुळे सविस्तर लिहितो. गॅरेजमधल्या ट्रान्समीटरपासून निघालेली तार अंगणाच्या कडेने दोन-तीन इंच खोल पुरून पुन्हा तिथेच आणून जोडतात. त्या तारेतून रेडिओ संदेश फिरत असतो. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा तारेजवळ आला की आधी बीप वाजते आणि तरीही कुत्रा पुढे गेला, तर पट्ट्याच्या धातूच्या दोन टोकांतून झटका बसतो. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करून गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात.

तार पुरणे हे सोपे काम आहे, शिकवणे मात्र नाही. सीमेवर छोटे झेंडे रोवून, कुत्र्याला दोरीने धरून, बीप वाजताच मागे वळवायचे आणि वळल्यावर खाऊ द्यायचा, असे आम्ही दोन आठवडे रोज दोन-तीन वेळा केले. त्यानंतर बंड्या सीमा इतकी नेमकी ओळखू लागला की तारेपासून तीन-चार हात आत, गवतात त्याच्या येरझाऱ्यांची पायवाटच पडली होती. कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवण्यापेक्षा हे निश्चितच बरे, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे.

परंतु एका नोव्हेंबरातल्या संध्याकाळी अंगणाच्या टोकाला हरीण आले आणि बंड्या झटका सोसून सरळ त्याच्या मागे धावला. अर्ध्या तासाने तो परतला खरा, पण घरात येईना. बाहेरून आत येतानाही तोच झटका बसतो, हे त्याला ठाऊक झाले होते. समोरच्या फुटपाथवर, शेपूट पायांत घालून, आमच्या दिवाणखान्यातल्या दिव्याकडे बघत तो कुँ-कुँ करत बसला होता. मी जाऊन पट्टा काढला आणि त्याला उचलून आत आणले. त्या दिवसापासून आमच्यापैकी कोणी अंगणात नसताना त्याला बाहेर सोडणे आम्ही बंद केले.

शिवाय हे कुंपण फक्त आपल्या कुत्र्याला अडवते, बाहेरून येणाऱ्याला नाही. ओहायोच्या सर्व ८८ काउंट्यांत कोयोटी, म्हणजे लांडग्यासारखे छोटे रानटी प्राणी, आहेत आणि मोकाट कुत्रेही आत शिरू शकतात. उपग्रहावर चालणारे बिनतारी पट्टे आता मिळतात, पण त्यांची सीमा काही मीटर इकडेतिकडे सरकते, त्यामुळे पाव एकरात, तेही रस्त्यालगत, मी त्यांच्यावर भरवसा ठेवणार नाही.

सुखदा, न्यू जर्सी
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. पट्ट्याची टोके कातडीला टेकलेली राहावी लागतात, म्हणून लोक तो घट्ट बांधतात आणि दिवस-रात्र काढत नाहीत. मग त्या दोन टोकांखाली दाबाने जखमा होतात. दाट केसांमुळे त्या लवकर दिसत नाहीत, वासावरून कळतात. पट्टा रोज रात्री काढून गळ्याला बोटांनी चाचपून पाहावे.

मला याहून मोठी काळजी मनाची वाटते. कुत्रा आनंदाने पोस्टमनकडे धावतो आणि नेमका त्याच क्षणी झटका बसतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने दुखावणारी गोष्ट तार नसते, पोस्टमन असतो. पशुवर्तनाच्या अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०२१ च्या निवेदनात वेदना वा भीती देऊन शिकवण्याला स्पष्ट विरोध केला आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासातही अदृश्य कुंपणातले ४४ टक्के कुत्रे कधी ना कधी निसटल्याचे आढळले, तर खऱ्या कुंपणातले २३ टक्के. अर्थात कोणत्या कुंपणातले कुत्रे जास्त चावतात, असा फरक त्यात दिसला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही शेल्टरमधून आलेल्या, नव्या घरात तीन महिनेच झालेल्या कुत्रीला मी हा पट्टा बांधणार नाही. तिच्यावर आधी काय गुजरले आहे, हे आपल्याला माहीत नसते.

कार्डिफहून
आमच्याकडे वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्या-मांजरांसाठी झटका देणारे सर्वच पट्टे कायद्याने बंद आहेत, अदृश्य कुंपणाचेसुद्धा. इथले कुत्रेपालक झुडपांची दाट हेज, जाळी आणि दोरी यांवर व्यवस्थित भागवतात. आपल्या आईंचे म्हणणे मला पटते.

कोलंबसकर
सर्वांचे मनापासून आभार. झटका बंद ठेवून फक्त बीपवर काम भागेल का?

बंड्याचे बाबा
काही कुत्र्यांचे भागते, पण खारीमागे धावणाऱ्या कुत्रीला, रस्ता इतका जवळ असताना, नुसत्या बीपच्या भरवशावर सोडू नये. आपल्या एचओएची नियमावली पुन्हा नीट वाचावी. अनेक ठिकाणी उंच लाकडी कुंपणाला मनाई असते, पण घराच्या मागच्या बाजूला चार फुटी काळ्या लोखंडी जाळीला अर्ज केल्यावर परवानगी मिळते.

कोलंबसकर
नियमावली काढून पाहिली. मागच्या बाजूस चार फुटांपर्यंतचे धातूचे कुंपण, आराखडा मंजूर करून घेतल्यास, चालते असे त्यात आहे. या शनिवारी मोजमाप घेऊन अर्ज करतो. तोपर्यंत तीस फुटी दोरी आणली आहे. आज सकाळी आईने तिचे एक टोक मनगटाला गुंडाळले आणि चिंगीला तासभर अंगणात फिरवून आणले.