बटाट्याचा कीस: लगदा, काळपट आणि वर गोड. काय चुकलं?

ठाकूरद्वारकरीण

आषाढीला कीस केला आणि पार फजिती झाली. दरवर्षी आई करायची, ती गेल्यापासून यंदा मी पहिल्यांदाच हात घातला. अर्धा किलो बटाटे, साजूक तूप, जिरं, हिरवी मिरची, वरून दाण्याचं कूट, सगळं तिच्यासारखंच. पण कढईत झाली खळ, आणि तळाला जे लागलं ते काळपट नि चक्क गोड. नवरा म्हणाला, "पोस्टरं चिकटवायला चालेल." (त्याला साबुदाण्याच्या खिचडीपलीकडे उपास ठाऊक नाही, ते सोडा.)

नेमका त्याच दिवशी बर्नहून भाच्याने रोश्टीचा फोटो पाठवला. "मावशी, इथे पण तुझा कीस मिळतो!" सोनेरी, कडेला जाळीदार, अख्खी चकती. मूळची ही तिकडच्या शेतकऱ्यांची न्याहारी. मग माझ्याच बटाट्याला काय धाड भरली?

बटाटे भाजी गल्लीतले. पावसाळ्यात कोंब फुटतात म्हणून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवले होते. आई पातेल्यातल्या पाण्यात किसायची. ते काळा पडू नये म्हणून, असं मी धरून चालले आणि थेट कढईत किसला. तुमच्याकडचे बटाट्याचे प्रकारही सांगा, उपासाचेच हवेत असं नाही.

कालथा

ताई, गोडवा आणि काळपटपणा फ्रीजचा. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, ती तुपात पटकन करपते. टोपलीत, अंधारात, कांद्यापासून लांब ठेवा.

खळ मात्र पाणी न घेतल्याने. कीस दोन पाण्यांतून काढून मुठीने घट्ट पिळला की पांढरा साका पातेल्याच्या तळाशी बसतो. तुमच्याकडे तोच कढईत गेला. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. झाकण ठेवून एकच वाफ, मग उघडं. आणि कालथ्याने उलटायचा, ढवळायचा नाही. निम्मे लोक इथेच मार खातात.

रोश्टीचं वेगळं. ती कच्च्या बटाट्याचीही करतात, पण बरेच जण आदल्या दिवशी सालासकट उकडून गार करतात आणि दुसऱ्या दिवशी किसतात. गार झाल्यावर बटाटा आवळून येतो, म्हणून किसताना लगदा होत नाही. उकडलेला फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो, कच्चा नको.

कॅम्प_नंबर_चार

मी उल्हासनगरचा सिंधी, शाळा मराठी. आमच्याकडे रविवारी कढी-भाताबरोबर आलू टुक. टुक म्हणजे तुकडा. बटाटे जाडसर कापून आधी मध्यम तेलात शिजेपर्यंत तळायचे, रंग येऊ द्यायचा नाही. गार झाले की वाटीच्या बुडाने दाबायचे. मग कडक तेलात पुन्हा. दाबताना भेगा पडतात ना, त्याच कुरकुरीत होतात. वर लाल तिखट, धणेपूड, आमचूर, मीठ. आजी दाबायचं काम आम्हा पोरांना द्यायची आणि मग "चुरा केलात!" म्हणून ओरडायची. तो चुरा आम्हीच खायचो, मुद्दाम करायचो.

एकदाच तळून कुणी वाढलं तर खुशाल खा, पण त्याला टुक म्हणू नका.

पाचव्या_मजल्यावरची

शेजारच्या पारशी आंटींचं पापेता पर ईडू: बटाट्याच्या चकत्या, कांदा, मिरची, झाकण ठेवून शिजवायच्या, मग खळगे करून अंडी फोडायची. झाकणावर पाणी, आच मंद. भेंडीवर, टोमॅटोवर, कशावरही अंडं फोडतात त्या. तुमच्या किसावर फोडलं असतं तर एकादशी मोडली असती, पण जेवण वाचलं असतं.

ठाकूरद्वारकरीण

आज पुन्हा केला. टोपलीतले बटाटे, दोन पाणी, मीठ शेवटी. मोकळा झाला, तळाला खमंग खरपुडी. नवऱ्याने काही न बोलता दोनदा घेतला.

पातेल्यात दोनेक चमचे साका उरलाय. आई हा टाकायची नाही एवढं पक्कं आठवतं. कशात घालायची?

कालथा

राजगिऱ्याच्या पिठाच्या थालीपिठात घाला, थापताना तुटत नाही. ज्यू लोक लाटके (किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या चकत्या) करताना वरचं पाणी ओतून हाच साका परत किसात मिसळतात. पण लगेच वापरा, पावसाळ्यात रात्रभरात आंबेल.