"पोसायची ऐपत नाही तर पोरं जन्माला घालता कायले?" या पोस्टला माझं उत्तर

वैशाली_जरीपटका

काल मंदारभाऊंनी इथं लिहिलं, "पोसायची ऐपत नाही तर पोरं जन्माला घालता कायले? लाडकी बहीण, खिचडी, पुस्तकं, पंचवीस टक्क्यांतली ॲडमिशन, सगळं आमच्या टॅक्समधून. आईबापालाच फिकीर नाही, तिथं सरकार काय करणार?" खाली धडाधड अंगठे. बाकीचं सोडून दिलं असतं, पण ते फिकिरीचं वाक्य डोक्यातून जाईना.

मी उत्तर नागपुरात तिसरीला शिकवते. माझ्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन येते. आई सकाळी सहाला धुणीभांडी करायला निघते, बाप मिस्त्रीच्या हाताखाली. खिचडी मिळाली की ही आधी मिरची वेचून बाजूला काढते, भात बोटांनी कुस्करते, त्याला भरवते आणि उरलं ते स्वतः खाते. हातच्याची वजाबाकी मी शिकवली तेव्हा तो रडत होता, म्हणून ही व्हरांड्यात होती. आजही तिला ती येत नाही.

मंदारभाऊ, या घरात फिकीर कोणाला नाही, ते सांगा. अंगणवाडी वस्तीतच आहे. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथं ठेवून घेत नाहीत, घरी न्यायचा आहार देतात. तीनच्या वरची मुलंही दुपारी घरी. आई येते चारनंतर. मधले तास कोणाचे? मोठ्या बहिणीचे.

कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानं आधी पन्नासपेक्षा जास्त, 1976 च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या साइटला. चार घरची भांडी घासणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर मोजायची? माझी मागणी एवढीच, की वस्तीवस्तीत दिवसभराचं पाळणाघर द्या. ते देईपर्यंत तिच्या लाडकी बहीणच्या 1500 रुपयांवर तोंडसुख घेऊ नका. आणि शाळेतलं अंडं बंद केलंय, ते परत सुरू करा.

मंदार_मनीषनगर

ताई, त्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण एका घरावरून राज्याचं धोरण ठरत नाही. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी आठवीत. आईनं शेवया-पापड केले, वडिलांनी इतवारीत एका दुकानाची वही लिहिली. आम्ही दोघं भाऊ शिकलो. कोणी दरमहा खात्यात पैसे टाकले नाहीत. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलाजवळ माझ्यापेक्षा महागाचा मोबाईल आहे. रोख हातात दिली की ती लेकरांवरच खर्च होते, याची हमी कोण देणार?

निखिल_इंदोरा

मंदार, तुझ्या वडिलांची मेहनत कोणी नाकारून नाही राहिलं. पण ज्या मिलचं नाव घेतलं, तिनं 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता, अन् 1895 पासून अपघाताची भरपाई देत होती. तुझं पहिलीपासून आठवीपर्यंतचं शिक्षण बांधल्या पगारावर झालं. आज कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या उचलणाऱ्याले काय आहे? पाठ भरली की त्या दिवशीची रोजी गेली.

अन् "पोरं जन्माला घालता" हे बोलणं बंद कर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनपेक्षाही कमी पोरं. त्याच पाहणीत पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. पोरं कमी झाली, ताट नाही वाढलं.

बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दीक्षाभूमीच्या गावात राहून 'आमच्या टॅक्समधून' म्हणताना माणसानं विचार करावा.

मंदार_मनीषनगर

1.7 ही सगळ्या राज्याची सरासरी आहे, वस्तीतली नाही. आणि शिष्यवृत्ती गुणवत्तेवर मिळते. दोन्हींची सरमिसळ करू नको.

सुधाकर_रामदासपेठ

पाळणाघराला माझा पाठिंबा आहे. अंड्याला नाही. एका पंगतीत एकाच्या ताटात अंडं, दुसऱ्याच्या ताटात केळं, अशानं लेकरं वेगळी बसायला लागतात. शाळेनं मुलांना एकत्र आणायचं की विभागायचं? शेंगदाणे आहेत, गूळ आहे, हरभरा आहे. आमच्या पिढीनं तेच खाल्लं आणि ठणठणीत राहिली.

वैशाली_जरीपटका

काका, ती पंगत माझ्यासमोर बसते. नोव्हेंबर 2023 च्या निर्णयातच होतं, अंडं न खाणाऱ्याला केळं द्या. कोणी वेगळं बसलं नाही. उलट अंड्याच्या दिवशी एरवी दांडी मारणारी मुलं यायची. जानेवारी 2025 मध्ये राज्यानं अंड्याचे वेगळे पैसे थांबवले, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. जरीपटक्याच्या वस्तीत वर्गणी कोण देणार? मे 2025 मध्ये केंद्राचा दर पाचवीपर्यंतच्या एका मुलामागे रोज 6 रुपये 78 पैसे झाला. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस. अंडं यात बसवून दाखवा.

सुधाकर_रामदासपेठ

नसेल बसत तर दर वाढवा आणि हरभरा द्या. अंड्याचाच हट्ट कशासाठी? शाकाहारी घरातल्या लेकरावर रोज त्या वासाचा मारा कशाला?

प्रज्ञा_धंतोली

काकांचं अगदीच चूक नाही. माझी मुलगी पहिलीत असताना वासानं जेवायची नाही. आम्ही डबा देऊ शकलो, सगळ्यांना नाही जमत.

निखिल_इंदोरा

रोज नाही काका, आठवड्यातून एकदा. सरळ सांगा ना, अंडं खाणारी पोरं तुमाले खालची वाटतात.

सुधाकर_रामदासपेठ

शब्द मागे घ्या. आयुष्यात मी कोणाला जातीवरून कमी लेखलेलं नाही.

निखिल_इंदोरा

जातीचं नाव मी घेतलंच नव्हतं.

रेखा_भांडेवाडी

मी सेविका आहे जी अंगणवाडीची. अंड्यावर भांडून राहिले सगळे, माझं कोणी ऐकते का? वैशालीताई, दिवसभराचं पाळणाघर म्हणता, ते चालवन कोन? मलेच सांगतीन. आता सकाळी लेकरं, मंग वजनं, मंग घरभेटी, मंग मोबाईल. आहार द्याचा तं आईचा चेहरा मोबाईलातल्या पोषण ट्रॅकर ॲपवर जुळला पाहिजे. आमच्याकडं डम्पिंग यार्डाच्या बाजूले नेटवर्क येत नाई. बाई कामाचा खाडा करून उभी, पोट्टं कडेवर, अन् मी फोन वर धरून रस्त्यावर फिरते. मांगच्या पावसाळ्यात एक बाई तीनदा येऊन परत गेली, चौथ्यांदा आलीच नाई.

सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये सांगतलं का आम्हाले ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तरी 4 डिसेंबर 2023 पासून संपावर बसा लागलं. आम्हाले मिळते त्याले पगार नाई म्हणत, मानधन म्हणत. पाळणाघर पाहिजेच, माझ्या वस्तीले तं आधी पाहिजे. पण वेगळी बाई द्या, पूर्ण पगारावर. नाई तं माझ्याच खांद्यावर अजून एक ओझं.

वैशाली_जरीपटका

रेखाताई, पाळणाघराला वेगळी माणसं आणि पूर्ण पगार, हे माझ्या मागणीत आलंच पाहिजे. तुमच्यावर टाकून चालणार नाही.

मंदार_मनीषनगर

रेखाताईंचं पटलं. पाळणाघर आणि सेविकांचा पगार, यासाठी माझा टॅक्स गेला तर तक्रार नाही. एवढंच मान्य करतो, पुढे ओढू नका. रोख वाटपाला विरोध कायम. पैसे द्यायचे तर अटीवर द्या. मूल शाळेत जातं, हजेरी आहे, मग पैसे.

रवी_वाठोडा

मंदारभाऊ, तुम्ही म्हणता तशी योजना आहे. बांधकाम कामगार मंडळ पहिली ते सातवीच्या मुलाले वर्षाला 2500 देते, 75 टक्के हजेरी पाहिजे. माझी हजेरी त्याच्यापेक्षा जास्तच असायची, शाळेत विचारून घ्या. एक पैसा नाही मिळाला. कारण बापाची नोंदणी नव्हती. नोंदणीले वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागते. माझा बाप रोजच्या मजुरांच्या ठिय्यावर उभा राहते. आज याच्याकडं स्लॅब, उद्या त्याच्याकडं खोदकाम. कोणता ठेकेदार 90 दिवसांवर सही करन? सही केली का तो कागदावर मालक झाला, म्हणून सगळे हात वर करतात. महापालिकेचा दाखला चालते म्हणतात, तिथं गेला तं साहेब फील्डवर. दुसऱ्या खेपेले एक दिवसाची मजुरी बुडाली, तेव्हापासून बापानं नाव काढलं नाही.

तुमची अट पोट्ट्यानं पाळली. अडकलं ते मोठ्या माणसाच्या सहीत. मायले लाडकी बहीणचे 1500 येतात, त्याले कोण्या ठेकेदाराची सही नाही लागली. त्यातून लहान भावाची ट्युशन अन् गॅस. मोबाईल नाही घेतला आम्ही.

मंदार_मनीषनगर

मोबाईलचं तुमच्या घराबद्दल नव्हतं. पण मग दाखल्याची पद्धत सुधारा, रोख हा त्यावरचा उपाय नाही.

रवी_वाठोडा

सुधारा ना, कोण नाही म्हणते? माझा भाऊ सहावीत आहे. पद्धत सुधरेपर्यंत तो दहावी होऊन जाईन. तोपर्यंत मायचे पैसे बंद नका करू, एवढंच म्हणणं आहे.

सुधाकर_रामदासपेठ

वैशाली, तुझ्या वर्गाला दर आठवड्याला भिजवलेला हरभरा मी देतो. वर्षभर. अंड्याला माझा एक रुपया लागणार नाही, आणि निखिलनं शब्द मागे घेतलेला नाही, हेही लक्षात आहे.

निखिल_इंदोरा

नाही घेणार.

वैशाली_जरीपटका

काका, हरभरा घेते. पण एका वर्गाला नको, पहिली-दुसरीची मुलं बघत बसतील. मुख्याध्यापकांशी बोलून किती लागेल ते कळवते. आणि अंड्याच्या अर्जावर पालकांच्या सह्या घेणं मी थांबवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. रेखाताई, पाळणाघराच्या अर्जात सेविकांची बाजू तुम्हीच लिहा. माझ्याकडून मोघम होईल.