मोर्टिएरेला अल्पिना: मोठ्या टाकीत गोळ्या टिकत नाहीत, मदत हवी आहे

मोर्टिएरेला अल्पिना या बुरशीपासून अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल (एक स्निग्ध आम्ल) मिळवण्याचं काम करतोय. तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीत घालतात, तेच हे. लहान फर्मेंटरमध्ये (बुरशी वाढवायच्या टाकीत) छान जमतं: बुरशीच्या घट्ट, गुळगुळीत गोळ्या होतात, माध्यम पातळ राहतं. मोठ्या टाकीत मात्र तंतू मोकळे पसरतात, सगळं लापशीसारखं दाटतं आणि विरघळलेला ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. बुरशीत तेल साठतं, पण त्यात हवं ते आम्ल कमी भरतं. साहजिकच आहे, हे आम्ल तयार होताना त्यात दुहेरी बंध घालणाऱ्या डिसॅच्युरेज विकरांना ऑक्सिजन लागतोच. ढवळणं वाढवावं तर तंतू तुटतात.

माध्यमातला नायट्रोजन संपल्यावर ग्लुकोज थोडंथोडं देतो, तो भाग ठीक आहे.

ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलंय त्यांनी कृपया सांगा: गोळ्या टिकवायला तुम्ही आधी कशाला हात घालता, विरजणाच्या (सुरुवातीला टाकीत सोडलेल्या बुरशीच्या) प्रमाणाला, सामूला (pH) की नायट्रोजनच्या स्रोताला? ढवळणीची पाती बदलून फरक पडला का? आणि साखर संपल्यावर बुरशी काही दिवस तशीच मुरू दिली की तेलातलं या आम्लाचं प्रमाण वाढतं. पण तेव्हा एकूण तेल घटत जातं. नेमकं कुठे थांबायचं, हे कशावरून ठरवता?