प्रॉमसाठी पोशाख, माप आणि दागिने: कशाचा विचार आधी करावा?

रानजाई (प्रश्न)

आमची मुलगी अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असून तिचा प्रॉम (शाळेचा औपचारिक नृत्यसमारंभ) मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. आम्हा दोघांचेही शिक्षण भारतात झाल्यामुळे या समारंभाचा आम्हाला काहीही अनुभव नाही, आणि मुलीला मैत्रिणींकडून मिळणारी माहिती रंग आणि फोटो यांच्यापलीकडे फारशी जात नाही. फेब्रुवारी संपत आला आहे, त्यामुळे आता निर्णय लांबवणे योग्य होणार नाही.

तिच्या मनात दोन पोशाख आहेत. पहिला गडद हिरव्या सॅटिनचा असून त्याला खांद्यावर पट्ट्या नाहीत. तो गुडघ्यापर्यंत अंगाला चिकटून बसतो आणि तेथून खाली पसरतो. हा तिने दुकानात घालून पाहिला आहे. दुसरा करड्या निळ्या शिफॉनचा, पातळ पट्ट्यांचा आणि कमरेपासून घेर असलेला असून तो केवळ संकेतस्थळावर पाहिलेला आहे. तिला नेहमीच्या कपड्यांमध्ये ६ क्रमांकाचे माप बसते, परंतु या संकेतस्थळावरील तक्त्यानुसार तिला १० क्रमांक घ्यावा लागेल असे दिसते. तक्ता चुकीचा आहे की आमचे मोजणे, हे समजत नाही.

पोशाख, ऑल्टरेशन, चपला आणि हातातली पर्स हे सगळे मिळून ३५० डॉलरच्या आत बसवायचे आहे. माझ्या सासूबाईंची सोन्याची ठुशी तिला घालायची इच्छा आहे, ती यांपैकी कोणत्या पोशाखावर शोभेल? तिच्यासोबत जाणारा मित्र टक्सिडो (बो टायसह घालायचा औपचारिक सूट) घालणार आहे, तर दोघांचे रंग जुळवण्याची कितपत आवश्यकता असते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुईदोरा

रानजाईताई, मी अमेरिकेतच औपचारिक पोशाखांच्या ऑल्टरेशनचे काम करते, त्यामुळे मापापासूनच सुरुवात करते. तक्ता बहुधा बरोबर आहे आणि तुमचे मोजणेही. अमेरिकी सरकारने १९५८ साली स्त्रियांच्या कपड्यांच्या मापांचे एक प्रमाण प्रसिद्ध केले होते, पण ते १९८३ मध्ये मागे घेतले गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक उत्पादक आपापल्या हिशेबाने क्रमांक ठरवतो. रोजच्या कपड्यांत हे क्रमांक काळाच्या ओघात सैल होत गेले, म्हणजे पूर्वी ज्याला १० म्हणत त्याला आता ६ म्हणतात. औपचारिक पोशाखांचे बरेच उत्पादक मात्र अजूनही जुन्याच्या जवळ जाणारे तक्ते वापरतात. म्हणून क्रमांकाकडे पूर्ण दुर्लक्ष करावे आणि छाती, कंबर व सीट ही तीन मापे इंचांत घेऊन त्यांतील ज्या मापाला सर्वांत मोठा क्रमांक लागतो तोच मागवावा. मुलींना मोठा आकडा पाहून वाईट वाटते, हे मी रोज पाहते. पण तो आकडा आतल्या लेबलवर असतो आणि ते लेबल कापून टाकता येते.

मोठे माप घेण्यामागचे कारण शिवणीत आहे. पोशाख आत घेणे हे तासाभराचे काम असते, तर सैल करणे हे शिवणीत किती माया (जास्तीचे कापड) सोडली आहे यावर अवलंबून असते, आणि तयार पोशाखांत ती फार थोडी असते. त्यातही सॅटिनची जुनी टीप उसवली की सुईची छिद्रे कापडावर तशीच दिसत राहतात. पाठीला झिपऐवजी नाडी असलेला पोशाख मिळाला तर मात्र दोन-तीन इंचांची सोय आपोआप होते.

आता दोन्ही पोशाखांविषयी. खांद्यावर पट्ट्या नसलेला पोशाख छातीवर पेलला जातो असा सर्वसाधारण समज आहे, पण चांगला शिवलेला असेल तर त्याचा भार कमरेवर येतो. तो उलटा करून पाहा. आत उभ्या शिवणींमध्ये बोनिंगच्या कडक पट्ट्या असाव्यात आणि कमरेच्या रेषेवर एक जाड फीत असावी, जी झिप लावण्याआधी हूकने स्वतंत्रपणे बंद करता येते. ही फीत नसेल तर मुलगी संपूर्ण संध्याकाळ दोन्ही हातांनी पोशाख वर ओढत राहील. फीत नंतर बसवून घेता येते आणि त्याला फार खर्चही येत नाही, मात्र ते काम कंबर नेमकी बसवल्यानंतरच करावे.

दुकानातील आरशासमोर ताठ उभे राहून काहीही कळत नाही. तिला तो पोशाख घालून खुर्चीत बसायला सांगा, दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा, जमिनीवर पडलेला फोन उचलायला सांगा आणि दुकानात पायऱ्या असतील तर त्या चढायला सांगा. गुडघ्याशी आवळलेल्या पोशाखात पाऊल लहान पडते, गाडीत बसताना आधी बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावे लागतात, आणि नाचताना हालचाल जवळजवळ कमरेच्या वरच राहते. तीन-चार तास नाचायचे असेल, तर माझे मत शिफॉनच्या बाजूने पडेल. सॅटिनवर पाण्याच्या थेंबाचाही डाग उमटतो आणि गाडीत बसल्यावर मांड्यांवर पडलेल्या आडव्या चुण्या फोटोंत स्पष्ट दिसतात, हेही लक्षात घ्यावे.

वेळेविषयी सांगायचे तर एप्रिल आणि मे हे आमचे सर्वांत गर्दीचे महिने असतात. पोशाख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात असेल आणि पहिली फिटिंग त्याच आठवड्यात झाली, तर काम निवांत होते. पहिल्या फिटिंगला येताना प्रॉमच्या दिवशी घालायच्या चपला आणि तेच अंतर्वस्त्र बरोबर आणणे अत्यावश्यक आहे. उंची चपलेवरून ठरते, आणि एकदा कापलेले कापड परत जोडता येत नाही. पुढच्या बाजूने कड जमिनीपासून साधारण अर्धा ते एक इंच वर असावी. शिफॉनच्या घेराखाली बहुधा अस्तर आणि कधीकधी जाळीचाही थर असतो. प्रत्येक थर स्वतंत्रपणे लहान करावा लागतो, त्यामुळे नुसती उंची कमी करण्याचा खर्चही अपेक्षेपेक्षा जास्त येतो. तुमच्या ३५० डॉलरपैकी निदान पाऊणशे ते शंभर डॉलर याच कामासाठी बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्या रकमेत पोशाख शोधा, असा माझा आग्रह राहील.

दोन_मुलांचा_बाबा

मुलांच्या बाजूने थोडे लिहितो. सोबत्याचा टाय आणि मुलीचा पोशाख अगदी एकाच रंगाचा असावा, ही अपेक्षा आता जवळपास उरलेली नाही, आणि प्रत्यक्षात तो रंग तंतोतंत जुळतही नाही. जवळ जाणारा परंतु न जुळणारा हिरवा रंग फोटोत चूक झाल्यासारखा दिसतो, तर काळा बो टाय कोणत्याही रंगाशेजारी नीट दिसतो. जुळवायचेच असेल तर खिशातल्या रुमालात त्या रंगाची केवळ छटा यावी.

टक्सिडो भाड्याने घेतला जातो, तेव्हा मापे महिना-दीड महिना आधी द्यावीत आणि कपडे हातात येताच घालून पाहावेत. बाही लांब निघणे ही नेहमीची तक्रार असते आणि ती आदल्या दिवशी लक्षात आली तर काहीही करता येत नाही. टक्सिडोच्या पँटवर पट्टा लावत नाहीत. कमरबंद (कमरेभोवती बांधायचा रुंद, चुण्यांचा कापडी पट्टा) घालावा किंवा वेस्टकोट, दोन्ही एकत्र घालू नयेत, आणि कमरबंदाच्या चुण्या वरच्या दिशेने उघडतात.

फुलांचेही लक्षात ठेवा. मुलीच्या मनगटावर कॉर्साज (फुलांचा लहान गुच्छ) आणि मुलाच्या कोटाच्या डाव्या कॉलरवर बुटोनिअर (एखादे फूल) लावण्याची पद्धत आहे. ती फुले फुलवाल्याकडे आठवडा-दोन आठवडे आधी सांगावी लागतात, आणि सांगताना पोशाखाच्या कापडाचा तुकडा दाखवला तर रंगाचा घोळ होत नाही. ऑल्टरेशनमध्ये कापलेली खालची पट्टी यासाठी सुईदोराताईंकडून मागून घ्यावी! ज्या हातात कॉर्साज असेल त्यात बांगड्या किंवा घड्याळ नको, फुले चुरगळतात.

निशिगंध

सुईदोरा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत वेगळे मत मांडते. सॅटिनचा पोशाख तिने प्रत्यक्ष घालून पाहिला आहे आणि शिफॉनचा केवळ चित्रात पाहिला आहे, हा फरक मला कापडाच्या फरकापेक्षा मोठा वाटतो. औपचारिक पोशाख विकणारी अनेक संकेतस्थळे दुसऱ्याच उत्पादकाची छायाचित्रे लावतात आणि प्रत्यक्षात पाठवलेल्या पोशाखाचे कापड, घेर आणि रंग यांचा त्या चित्राशी संबंध नसतो. तेच छायाचित्र शोधयंत्रात टाकून पाहावे. ते वेगवेगळ्या नावांच्या दहा ठिकाणी वेगवेगळ्या किमतींना दिसले, तर तेथून काढता पाय घ्यावा. ग्राहकांनी स्वतः काढलेली छायाचित्रे, परत करण्याची मुदत आणि परतीचा टपालखर्च कोणी भरायचा याबाबतचा नियम, या तीन गोष्टी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. मापानुसार शिवून दिलेला पोशाख सहसा परत घेतला जात नाही, ही अट बारीक अक्षरांत असते. माझ्या भाचीच्या वेळी असाच एक पोशाख परत पाठवण्यात तीन आठवडे गेले आणि अखेरीस तिने बहिणीचाच पोशाख घातला, तोही तिला अधिक शोभला, हा भाग वेगळा.

शाळेची नियमावलीही आत्ताच वाचून घ्या. पाठ किती उघडी असावी, पोटाशी कापड कापलेले चालते का, बाजूचा चिरा कुठपर्यंत असावा, याबाबत प्रत्येक शाळेचे नियम निराळे असतात आणि काही शाळा पोशाखाचे छायाचित्र आधी पाठवायला सांगतात.

रंगाविषयी एक छोटी चाचणी सुचवते. पोशाख एकदा दिवसाच्या उजेडात, एकदा पिवळ्या दिव्याखाली आणि एकदा अंधाऱ्या खोलीत फोनचा फ्लॅश लावून पाहावा. फिकट शिफॉनचे अस्तर पुरेसे दाट नसेल, तर फ्लॅशमध्ये आतले सगळे दिसते, आणि हे घरातल्या आरशात कधीच लक्षात येत नाही. करडा निळा रंग पिवळ्या दिव्याखाली नुसताच करडा होण्याची शक्यता असते. गडद हिरवा रंग मात्र तिन्ही ठिकाणी टिकतो.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाळेचे नियम वाचले. दोन्ही पोशाख त्यांत बसतात. निशिगंध, छायाचित्राचा शोध घेतला असता ते खरोखरच अनेक ठिकाणी आढळले, त्यामुळे तो पोशाख आम्ही सोडून दिला आहे. मुलीने सॅटिनचा पोशाख घालून बसण्याची आणि वाकण्याची परीक्षा दिली. त्यात ती बसू शकली, पण पायऱ्यांवर अडखळली. त्याच दुकानात तोच हिरवा रंग, तसाच बिनपट्ट्यांचा गळा, पण कमरेखाली साधा घेर असलेला क्रेपचा पोशाख मिळाला असून आत कमरेची फीतही आहे. किंमत १९० डॉलर. आता चपला आणि ठुशी यांविषयी मार्गदर्शन करावे.

सुईदोरा

क्रेप ही उत्तम निवड आहे. त्यावर चुण्या कमी पडतात आणि पाण्याचे थेंबही सॅटिनइतके उठून दिसत नाहीत. मात्र तो पोशाख टांगून ठेवताना आत शिवलेल्या बारीक फितींवरच टांगा. त्या फिती निरुपयोगी समजून पुष्कळ जण कापून टाकतात.

गळ्याचा आकार दागिना ठरवतो, हा नियम तुमच्या बाबतीत ठुशीच्या बाजूने आहे. बिनपट्ट्यांच्या पोशाखात खांदे आणि गळा पूर्ण मोकळे असतात, त्यामुळे गळ्यालगत बसणारा भरीव दागिना तेथे फार चांगला दिसतो. हॉल्टर (मानेमागे बांधायचा) किंवा बंद गळा असता तर मी ठुशी घरीच ठेवायला सांगितले असते आणि फक्त कानांत लांब काहीतरी घालायला सुचवले असते. ठुशी घातल्यावर कानांत लहान टॉप्स किंवा कुड्या पुरेत, आणि दुसरा हार मुळीच नको. गडद हिरव्यावर पिवळे सोने उठून दिसते, म्हणून पर्सची कडी आणि चपलेचे बकलही सोनेरी असले तर बरे. चंदेरी असले तरी आकाश कोसळणार नाही. केस वर बांधले, तर ठुशीचा मागचा गोंडा पाठीवर मोकळा दिसतो आणि तो झाकण्याची काहीच गरज नाही.

एक काळजी मात्र घ्या. जुन्या ठुशीची दोरी वरून चांगली दिसली तरी मणी सरकतात त्या ठिकाणी झिजलेली असते. दोरी बोटांत धरून हलकेच ताणून पाहा आणि तंतू सुटलेले दिसले, तर सोनाराकडून नवी दोरी ओवून घ्या. नाचताना तुटली, तर अंधाऱ्या सभागृहात मणी गोळा करणे अशक्य आहे. सुगंधी द्रव्य आणि लोशन दागिना घालण्याच्या बरेच आधी लावावे.

चपलांसाठी जाड टाच निवडा. फोटो बहुधा बागेत काढले जातात आणि अणकुचीदार टाच गवतात रुतते. टाचेची उंची तिला रोज जमते त्याहून फार वेगळी नसावी, आणि ती चपल घरात मोजे घालून रोज थोडा वेळ वापरावी म्हणजे कातडे सैल होते. बरोबर सपाट चपला न्यायच्या असतील, तर उंची मापताना मला तसे सांगा; पुढची कड त्या चपलेवरही पायाखाली येणार नाही, अशी मी मधली उंची धरते. पर्स घेताना तिचा फोन दुकानात प्रत्यक्ष आत घालून पाहा. अनेक सुंदर पर्समध्ये आजचे फोन मावतच नाहीत, आणि मनगटात अडकवायची साखळी नसेल तर ती पर्स पहिल्याच गाण्याला कोणाच्या तरी खुर्चीवर राहते.

पहिली फिटिंग कोणाकडेही करा, पण वेळ याच आठवड्यात ठरवा.