शेजाऱ्याची तक्रार आणि चौकीतून आलेला फोन: कागद नसताना जावे का?

चौथा मजला (धागालेखक):

शेजाऱ्यांच्या भांडणात पोलिसांचे बोलावणे सहसा कागदावर येत नाही, ते फोनवर येते. आमच्या इमारतीत बाथरूमच्या गळतीवरून वरच्या आणि खालच्या घरात वाजले, खालच्यांनी पोलिसांकडे तक्रार अर्ज दिला, आणि वरच्या घरातील आजींना ‘उद्या अकरा वाजता चौकीत येऊन जा, साहेबांनी बोलावले आहे’ असा निरोप मिळाला. अर्जात काय लिहिले आहे, गुन्हा नोंदवला आहे की नाही, बोलावणे साक्षीदार म्हणून आहे की आरोपी म्हणून, यांपैकी एकही गोष्ट त्यांना सांगण्यात आली नाही. ‘जाऊन या, उगाच वाकडेपणा नको’ असे इमारतीतील बहुतेकांचे म्हणणे पडले. माझे मत याच्या नेमके उलट आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांना कोणाला बोलावता येते, हे स्पष्ट लिहिलेले आहे. कलम १७९ नुसार, एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असताना त्याची माहिती असणाऱ्या व्यक्तीला तपासी अधिकारी लेखी आदेशाने बोलावू शकतो, आणि तेही ती व्यक्ती त्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहत असेल तर. याच कलमानुसार कोणतीही स्त्री, १५ वर्षांखालील किंवा ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना स्वतःच्या इच्छेविरुद्ध राहत्या जागेबाहेर हजर राहायला लावता येत नाही. म्हणजे आजींच्या बाबतीत वय विचारण्याचीही गरज नव्हती. दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्यात, कोणावर संशय असेल आणि अटकेची आवश्यकता नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस द्यावी लागते. प्रकरण अदखलपात्र असेल, म्हणजे आपण ज्याला ‘एनसी’ म्हणतो ते असेल, तर कलम १७४ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. गळतीचा वाद तर मुळात दिवाणी आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की फोन आल्यावर उर्मटपणा न करता तीन गोष्टी मेसेजवर लिहून विचाराव्यात: कोणता अर्ज, कोणते कलम, आणि मला कोणत्या नात्याने बोलावले आहे. उत्तर मिळेपर्यंत न जाण्यात कायद्याचा कोणताही अवमान नाही.

माजी अंमलदार:

धागालेखकांनी कलमे बरोबर दिली आहेत. चौकीत दिवस कसा जातो, तेवढे मात्र त्यांच्या लेखनात कुठेच नाही. बीट अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील एक ठरावीक भाग सांभाळणाऱ्या पोलिसाच्या, टेबलावर पार्किंग, कुत्रे, कचरा, गळती आणि गॅलरीतून टपकणारे कपडे अशा अर्जांचा ढीग असतो आणि त्यांतील फार थोडे अर्ज गुन्ह्यापर्यंत जाण्याच्या लायकीचे असतात. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून चार शब्द सांगितले की बरेचसे वाद तिथेच विझतात, अर्ज निकाली निघतो आणि कोणाच्याही नावावर काही राहत नाही. फोन हा त्यातला सौजन्याचा मार्ग आहे. प्रत्येक वेळी गणवेशातला शिपाई समजपत्र घेऊन दारात उभा राहिला आणि सगळ्या जिन्याने ते पाहिले, तर त्यात कोणाची अब्रू वाढणार आहे?

दुसरे असे, की पोलिसांचे काम केवळ झालेल्या गुन्ह्याच्या तपासापुरते नाही. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून हस्तक्षेप करण्याचा अधिकार कलम १६८ देते, अगदीच गरज पडली तर कलम १७० खाली प्रतिबंधक अटकही करता येते, आणि नव्या संहितेच्या कलम १७२ ने पोलिसांचे कायदेशीर निर्देश पाळणे नागरिकांवर बंधनकारक केले आहे. वाद चिघळतो आहे असे वाटले तर कलम १२६ खाली ‘चॅप्टर’ केस करून दोन्ही शेजाऱ्यांकडून शांतता राखण्याचे, एक वर्षापर्यंतचे बंधपत्र (लेखी हमी) घेण्याचा प्रस्ताव पाठवता येतो. कागद मागणाऱ्याला कागद मिळतो, पण तो त्याला हवा असलेलाच कागद असेल असे नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

फौजदारी वकील:

अंमलदारसाहेबांच्या शेवटच्या वाक्यात जो सूर आहे, त्याच सुराला लोक घाबरतात, म्हणून आधी त्याविषयी. कलम १७२ हे संहितेच्या प्रतिबंधक कारवाईविषयीच्या भागात आहे. त्या भागातील कर्तव्य बजावताना दिलेल्या ‘कायदेशीर’ निर्देशांपुरतेच त्याचे बंधन आहे. उद्या अकराला येऊन जबाब द्या, हा निर्देश त्यात सहजासहजी बसत नाही. चॅप्टर केसमध्येसुद्धा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना प्राप्त माहितीचा सारांश लिहून कारणे दाखवा आदेश काढावा लागतो आणि समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते; मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांच्या शहरांत हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असल्यामुळे ती संधी नावापुरती ठरण्याची भीती असते, ही गोष्ट वेगळी.

मात्र धागालेखकांच्या मांडणीत जी बाजू आलेली नाही, तीही सांगितली पाहिजे. लेखी आदेश एकदा हातात पडला की तो टाळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि कलम ३५(३) च्या नोटिशीकडे पाठ फिरवली तर जी अटक टळली असती तीच ओढवते. साक्षीदार म्हणून विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे कलम १८० प्रमाणे बंधनकारक आहे. ज्या उत्तरामुळे आपल्यावरच फौजदारी आरोप येण्याची शक्यता आहे, तेवढेच उत्तर नाकारता येते. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीच्या टप्प्यावरही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ मध्येच सांगितले. ‘मी काहीच बोलणार नाही’ हा सरसकट हक्क मात्र त्यातून निघत नाही. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा कलम ३८ चा हक्क अटक झालेल्या व्यक्तीसाठी आहे, आणि तोही पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल असा नाही. अटक नसताना वकिलाला सोबत नेण्यास कोणी मनाई केलेली नाही, पण त्याला आत बसू देतीलच असेही नाही.

या विषयात माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब सहीची आहे. गुन्हा नोंदवून तपास सुरू असेल, तर पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, आणि तो जबाब खटल्यात पुरावा म्हणून वापरण्यावर कलम १८१ ने कडक मर्यादा घातलेल्या आहेत. ‘अर्ज चौकशी’त मात्र जबाबावर सही सर्रास घेतली जाते. ही मर्यादा ‘तपासात’ दिलेल्या जबाबासाठी आहे. गुन्हा नोंदवण्याआधी, निव्वळ अर्जावर दिलेल्या सहीच्या जबाबाला ती तशीच लागू होईल याची खात्री बाळगता येत नाही. पोलिसांपुढे दिलेली गुन्ह्याची कबुली न्यायालयात चालत नाही, हे खरे. पण ‘होय, पाइप आमच्याच बाथरूमचा आहे आणि मी दुरुस्ती थांबवून ठेवली’ ही गुन्ह्याची कबुली नव्हे, आणि पुढे दिवाणी दाव्यात शेजाऱ्याचा वकील तेच वाक्य तुमच्यासमोर धरेल. म्हणून चौकीत तोंडी सांगण्यापेक्षा, घरी शांतपणे लिहिलेले आपले म्हणणे आवक शिक्क्यासह द्यावे आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. जबाब लिहिला गेलाच, तर तो वाचून पाहिल्याशिवाय आणि कोरी जागा रेघ मारून बंद केल्याशिवाय सही करू नये.

तक्रारदार मीच:

वरच्या सगळ्या चर्चेत पोलिसांनी बोलावलेला माणूस निरपराध आणि तक्रार करणारा भांडकुदळ, असे गृहीत धरलेले दिसते. मी त्या दुसऱ्या बाजूची आहे. आमच्या शेजारच्या घरात रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेचा नियम आणि निवासी भागासाठी रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा मला पाठ झाली आहे, कारण मी ती ठाण्यात अनेकदा सांगितली आहे. एनसीची प्रत हातात देऊन ‘पुढे कोर्टात जा’ असे सांगण्यात आले. मी नोकरी करते, घरी आजारी सासरे आहेत, आणि कोर्टात खेटे घालण्यासाठी ना पैसा आहे ना रजा. माझ्या शेजाऱ्याला ताळ्यावर आणणारी एकच गोष्ट ठरली, ती म्हणजे हवालदारांनी केलेला फोन आणि चौकीत दिलेली तोंडी समज.

धागालेखकांच्या सल्ल्याप्रमाणे त्याने ‘कोणते कलम, कोणत्या नात्याने’ असे लिहून विचारले असते, तर तो फोन तिथेच संपला असता आणि स्पीकर चालूच राहिला असता. ज्याच्याकडे वकील आहे त्यालाच हे हक्क वापरता येतात आणि ज्याला खरोखर त्रास होतो आहे तो जिन्यातच राहतो. वकीलसाहेब, आपण सहीविषयी जे लिहिलेत ते मोलाचे आहे. पण तक्रारदाराने काय करावे याविषयी एक ओळही आपण लिहिलेली नाही.

चौथा मजला:

ताई, आपला राग रास्त आहे, परंतु तो फोन आपल्या उपयोगी पडला म्हणून फोनची पद्धत योग्य ठरत नाही. उद्या त्याच शेजाऱ्याने आपल्याविरुद्ध उलट तक्रार दिली, तर तोच फोन आपल्याला येईल आणि ‘सासरे आजारी आहेत’ हे कारण ऐकून घ्यायला कोणी बांधील नसेल. कलम १७९ चा लेखी आदेश मात्र आपल्याला इच्छेविरुद्ध घराबाहेर बोलावूच शकणार नाही. उलट तक्रार ही तर शेजारभांडणातली ठरलेली चाल आहे. वर्धा येथील एका प्रकरणात शेजाऱ्याशी असलेल्या वादासाठी पत्नीसह ठाण्यात गेलेल्या गृहस्थाने तिथल्या बोलण्याचे चित्रीकरण केले, म्हणून त्याच्यावरच १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द करताना, पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही असे स्पष्ट केले.

तक्रारदाराने काय करावे, हेही लिहितो. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेतला नाही, तर कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एनसी असेल तर तपासाचा आदेश मिळावा म्हणून तक्रारदारालाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अशा नोंदींचा दैनंदिनी अहवाल पोलिसांनी दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा, अशी तरतूदही कलम १७४ मध्ये आता आली आहे.

सोसायटी सचिव:

एक व्यावहारिक भर घालतो. पोलीस फोनवरूनच इमारतीच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण मागतात आणि वॉचमन ते कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवून मोकळा होतो. आम्ही कलम ९४ खालील लेखी मागणीशिवाय ते देत नाही. त्यावरून पोलिसांशी वाद झाल्याचे आठवत नाही. वाद होतो तो सभासदांशी.

माजी अंमलदार:

ताईंचे म्हणणे मला पटते आणि धागालेखकांनी त्यांना दिलेले उत्तर पुस्तकी वाटते. दंडाधिकाऱ्यांकडे एनसीचा अर्ज करून आदेश आणेपर्यंत स्पीकरवाला घर बदलून गेलेला असतो. तोंडी समज ही कायद्यात नाही, पण गल्लीत चालते ती तीच, आणि ती बंद झाली तर पहिला फटका तक्रार घेऊन येणाऱ्या गरिबाला बसेल.

चित्रीकरणाविषयी मात्र सावध करतो. न्यायालयाने तो एक गुन्हा रद्द केला, याचा अर्थ ठाण्यात मोबाइल रोखून बसावे असा नाही. त्याच खोलीत बलात्काराची किंवा बालकावरील अत्याचाराची तक्रार देणारी व्यक्ती बसलेली असू शकते आणि तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

फौजदारी वकील:

ठाण्यातील बोलण्याच्या पुराव्यासाठी मोबाइल काढण्याची गरजच पडू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवण्याचे आणि ते चित्रीकरण जपून ठेवण्याचे निर्देश दिले आहेत. चौकीत दमदाटी झाली असे वाटत असेल, तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि खोली नमूद करून, ते चित्रीकरण जतन करावे असा अर्ज पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे द्यावा. उशीर झाला की कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता, असे उत्तर येते.

आणि नोटिशीबद्दल एक राहून गेले. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे ही वैध बजावणी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. मोबाइलवर तसा कागद आला तर दुर्लक्ष मात्र करू नये. ‘प्रत्यक्ष बजावणी व्हावी, मी सहकार्य करण्यास तयार आहे’ एवढे लिहून उत्तर द्यावे, कारण अटकेची गरज होती की नाही यावर पुढे वाद झालाच, तर न्यायालय तेच उत्तर वाचणार आहे.